गंभीर नाटकातला हशा नटांकडून काढायचा कसा?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून लिहिते आहे.

आमची हौशी संस्था यंदा स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवतेय. परळला एका शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून साडेसात ते दहा तालीम. बहुतेक जण ऑफिसातून थेट येतात. संहिता आमच्याच एका मित्राची. लालबागच्या चाळीतली एक खोली. १९८२ च्या संपात गिरणीतून बाहेर पडलेला आणि पुन्हा कधीच आत न गेलेला बाप पहाटे वारलाय. दोन मुलगे, थोरली सून, शेजारचे तात्या (दुसऱ्या अंकात तेच तिरडी बांधतात). दाखल्यासाठी म्हाताऱ्याचं कार्ड हवंय, कार्ड कपाटात, आणि कपाटाची चावी म्हाताऱ्याच्या करगोट्याला. मयताच्या कमरेला हात घालायचा कोणी, यावर अख्खा पहिला अंक आहे. त्याच कपाटात खोलीचे कागदही आहेत, त्यामुळे एकाने चावी काढलेली दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्या वाचनाला आम्ही पोट धरधरून हसलो होतो. शेवटचं पान संपल्यावर मात्र कोणी बोलेना. उभ्या तालमी सुरू झाल्या आणि ते हसू गेलं. धाकट्याचं काम करणारा मुलगा स्किट करतो. डोळे मोठे, मान वाकडी, वाक्य संपलं की समोर बघणार. थोरल्याचं काम करणारे आमच्यातले सगळ्यात अनुभवी. ते पहिल्या वाक्यापासून घशात हुंदका घेऊन उभे. धाकट्याला आवरलं की तो मलूल होतो. थोरल्यांना सांगायला गेलं तर विचारतात, "ताई, बाप मेलाय. मी हसवू कसा?" त्यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही.

नटाला "इथे हशा आहे" असं सांगायचं का? न सांगता काढायचा तर कसा?

तिसरीघंटा
नका सांगू. सांगितलंत की त्याच तालमीला तो हशा गेला म्हणून समजा.

मी तीस वर्षं पडद्यामागे आहे, दिग्दर्शक नाही. पण विंगेत उभं राहून जे दिसतं ते सांगतो. तुमच्यासारखंच एक नाटक होतं. त्यातही शेजारी तिरडी बांधायचा. काम करणारा नट चांगला होता, पण बांबू हातात घेतला की काहीतरी गंमत करायचा. बांबू दुसऱ्याच्या डोक्याला लागणार, सुतळी पायात अडकणार. तालमीत आम्ही हसायचो. दिग्दर्शक हसत नव्हते.

त्यांनी त्याला काही बोलून दाखवलं नाही. स्मशानाजवळ मयताचं सामान मिळतं त्या दुकानात दोन संध्याकाळ पाठवलं. दोन लांब बांबू कसे निवडायचे, आडव्या कामट्या किती अंतरावर टाकायच्या, सुतळीचे वेढे कसे ओढून घ्यायचे, हे शिकून आला. मग एवढंच सांगितलं, "मागे एकदा तू बांधलेली गाठ रस्त्यात सुटली होती. हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. आज सुटता कामा नये."

बस. त्यानंतर तो माणूस गाठीशिवाय कशाकडे बघेना. भाऊ एकमेकांच्या अंगावर जातायत आणि ह्याला सुतळीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवंय. "जरा धरा." कोणी ऐकत नाही. "जरा धरता का?" कोणी ऐकत नाही. तिसऱ्यांदा तो भांडणाच्या मधे जाऊन टोक थोरल्याच्या हातात देतो, आणि थोरला भांडता भांडता ते धरून उभा राहतो. थिएटर कोसळायचं हो! शेवटी तोच शेजारी शेवटची गाठ मारतो आणि अंगठ्याने दाबून बघतो, तेव्हा पहिल्या रांगेतला श्वास आम्हाला विंगेत ऐकू यायचा. हसवलं म्हणून तर तो श्वास थांबला, असं माझं मत आहे.

तुमच्या नटांना भावना देऊ नका, हाताला काम द्या. आणि ते काम त्यांच्या जिवावर आलं पाहिजे.

बोरिवली_स्लो
"जरा धरा" वाचून लोकलमध्ये एकटाच हसलो. शेजारचे काका बघायला लागले, मग त्यांनाही वाचून दाखवलं.

खडूस_प्रेक्षक
मी वेगळं मत मांडतो. बाप मेलेल्या घरात हशा हवाच कशाला? हल्ली गंभीर नाटकाची जाहिरातसुद्धा "हसता हसता डोळे ओले" अशी करतात. प्रेक्षकाला सलग दोन तास दुःख सोसत नाही असं आपणच ठरवून टाकलंय. गेल्या वर्षी एका नाटकात नायिका जमिनीवर कोसळून रडत होती आणि माझ्या मागची रांग खिदळत होती. पहिल्या अंकात त्यांना हसायची सवय लावली, मग ते कुठे थांबणार? मी मध्यंतरानंतर बसू शकलो नाही.

चाफेकळी, तुमच्या थोरल्या नटाचं ऐका. त्याला जे वाटतंय ते खरं आहे.

नाट्यवेडा_गिरगाव
खडूस, तुमचा राग समजतो, पण दोष हशाला देऊ नका. हशा आपल्या गंभीर नाटकात बाहेरून आलेला नाही. 'एकच प्याला' घ्या. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले आणि फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. त्याहून काळीज पिळवटणारं नाटक दाखवा. त्यातच तळीराम आहे आणि आर्यमदिरामंडळाची बैठक आहे. सभा, ठराव, नियम, सगळं अगदी गंभीरपणे चाललेलं. तिथे दारुडे लोळायला लागले की प्रवेश पडतो. सभासद खरोखर समाजकार्य करतोय अशा तळमळीने बोलला की हशा येतो, आणि त्याच प्याल्याने सिंधूचं घर कसं बसतं ते पुढे बघवत नाही.

दुसरं, विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली रंगायनने राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, नायिका बेणारेच्या कामात सुलभा देशपांडे. पहिला अंक आठवा. काशीकर कान कोरतायत, पोंक्षे शास्त्रज्ञाच्या थाटात वावरतायत, सुखात्मे वकील आहेत पण अशील नाही, सामंत हिरवा कापडी पोपट घेऊन आलाय. आपण त्यांना हसतो, त्यांच्याबरोबर हसतो. बेणारेवर गंमत म्हणून खोटा खटला सुरू होतो तेव्हाही हसतो. सामंत हातातल्या कादंबरीतलं वाचून साक्ष देतो, त्यालाही हसतो. मग बेणारेच्या चेहऱ्याकडे लक्ष जातं आणि कळतं की आपण इतका वेळ त्या कोर्टाच्या बाजूने बसलो होतो. तो हशा काढून टाकला तर प्रेक्षक पहिल्यापासून बेणारेच्या बाजूला सुरक्षित बसेल. त्याला काहीच लागणार नाही.

म्हणून दिग्दर्शकाने ठरवायचं असतं की प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने हसायचं. तुमच्या मागची रांग खिदळली कारण तिला ते कोणी दाखवलंच नव्हतं.

खडूस_प्रेक्षक
सामंताचा मुद्दा मान्य. पण ते तेंडुलकर होते. प्रत्येक हौशी संहितेत तेवढी ताकद नसते, आणि नट हशाची चटक लागल्यावर थांबत नाही, हेही तितकंच खरं.

अनुपमा०७
मी अभिनेत्री म्हणून लिहिते, कारण मी त्या थोरल्या नटासारखीच होते.

एका एकांकिकेत माझी धाकटी जाऊ गेलेली असते आणि घरात माणसं जमत असतात. मी पहिल्या मिनिटापासून रडायचे. मला वाटायचं मी प्रामाणिक आहे. दिग्दर्शिका आठवडाभर काही बोलली नाही. मग एक दिवस ट्रेमध्ये कप घेऊन आली आणि म्हणाली, "घरात चौदा माणसं आहेत. कप नऊ. सगळ्यांना चहा गेला पाहिजे आणि कप कमी आहेत हे सासरच्यांना कळता कामा नये."

मी काय केलं असेल? कोणाचा अर्धा प्यायलेला कप "थांबा, गरम करून आणते" म्हणून काढून घेतला. मुलांना वाटीत दिला. एका काकांना विचारलं, "तुम्हाला चहा चालत नाही ना?" ते म्हणाले, "चालतो की." तिथे पहिला हशा आला आणि मी घाबरले, कारण मला तो नको होता. मला कप हवा होता! पुढे धुतलेले कप पुसताना एक कप उरतो. मोजते, पुन्हा मोजते. दहा. तो तिचा कप, मोरीत राहिलेला. मला रडायची गरजच पडली नाही.

घरात मयत झालं की बायका काय करतात ते आठवा. दूध उतू जाऊ नये म्हणून बघतात, गाद्या मोजतात, कोणाला कुठली गाडी ते विचारतात. रडू येऊ नये म्हणूनच ती धडपड असते. थोरल्या दादांना सांगा, रडू येतंय ते खरंच आहे, पण आत्ता येऊन चालणार नाही.

तिसरीघंटा
दहावा कप. वा. अनुपमा, शाब्बास तुझ्या दिग्दर्शिकेची.

बोरिवली_स्लो
विषयांतर करतो, माफी असावी. चहावरून आठवलं, शिवाजी मंदिरला मध्यंतरात बटाटेवडा खाऊन परत येईपर्यंत दुसरा अंक सुरू झालेला असतो आणि अंधारात आपली खुर्ची शोधताना जी कुजबुज होते, त्यात नटाची पहिली पाच वाक्यं वाहून जातात. लेखकांनी दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला महत्त्वाचं काही ठेवू नये, ही कळकळीची विनंती.

विंगेतून
बोरिवली, विषयांतर नाहीये ते. हशाचाही तोच हिशोब असतो, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो.

तालमीत हशा नसतो. प्रयोगात तो अचानक येतो आणि हौशी नट दोनपैकी एक करतो. एकतर हशावरच पुढचं वाक्य टाकतो, ते कोणाला ऐकू जात नाही. नाहीतर पुतळ्यासारखा थांबतो, मग प्रेक्षकाला कळतं की हा आपली वाट बघतोय. हशा चढतो, टिकतो, उतरतो. उतरायला लागला की वाक्य घ्यायचं, पूर्ण विरायची वाट बघायची नाही. आणि मधल्या वेळात पात्राचं काम चालूच. सुतळी ओढत राहा, कप पुसत राहा. हशा आलाच नाही तर थांबायचं नाही, आल्यासारखं तर अजिबात करायचं नाही.

जागेप्रमाणे हे बदलतं. शिवाजी मंदिर किंवा पार्ल्याच्या दीनानाथसारख्या मोठ्या नाट्यगृहात बाल्कनी असते, तिथला हशा खालच्याच्या मागून येतो, दोन्ही सांभाळावे लागतात. छबिलदासच्या हॉलात ज्यांनी प्रायोगिक नाटकं केली ते सांगतील, तिथे प्रेक्षक इतका जवळ की नुसती भुवई हलली तरी कळायचं. पृथ्वी थिएटरलाही दोनशेच्या आसपास खुर्च्या आणि तीन बाजूंनी माणसं. जवळच्या जागेत धाकट्याचे मोठे डोळे भयंकर दिसतील. तुमचं स्पर्धेचं नाट्यगृह मोठं असेल तर त्याला आवाज मोठा करू द्या, चेहरा नको.

एक सोपा उपाय सांगतो. तालमीला आठ-दहा माणसं बोलवा, ज्यांना नाटक माहीत नाही अशी.

आणि घड्याळ लावा. चेखव्हने 'चेरी ऑर्चर्ड'ला विनोदी नाटक म्हटलं होतं, १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरने ते शोकनाट्यासारखं केलं. शेवटचा अंक फार तर बारा मिनिटांचा, तो चाळीस मिनिटं ओढतायत, अशी त्याची तक्रार होती. मी बसवलेल्या प्रत्येक नाटकात हे पडताळून पाहिलंय. नट दुःखी झाले की संथ होतात, आणि संथ झाले की हशा मरतो. खरी घाईत असलेली माणसं दुःखात भरभर बोलतात.

चाफेकळी
सगळ्यांचे मनापासून आभार. विंगेतून, तुमचं वाचून काल घड्याळ लावलं. वाचनाच्या दिवशी पहिला अंक एक्केचाळीस मिनिटांत झाला होता, लेखकाने वहीत लिहून ठेवलंय. काल अठ्ठावन्न मिनिटं. सतरा मिनिटं आम्ही नुसते हुंदके आणि बघण्यात घालवतोय! थोरल्यांना आकडा सांगितला तर ते गप्प झाले, मग म्हणाले, "यातली दहा माझी असतील."

नाट्यवेडा_गिरगाव
हे म्हणणारा नट तुमच्याकडे आहे म्हणजे नाटक होणार.

खडूस_प्रेक्षक
धाकट्याचं काय? माझी भीती त्याच्याबद्दल आहे. एका नाटकाच्या चाळिसाव्या प्रयोगाच्या सुमाराला एका नटाने एक वाक्य पदरचं टाकलं. टाळी आली. दुसऱ्या प्रयोगाला दोन वाक्यं. पन्नासाव्या प्रयोगाला मी पुन्हा गेलो, तर शेवटच्या प्रवेशात तो नुसता आत आला आणि लोक हसायला लागले. त्याला तिथे बायकोची क्षमा मागायची होती. मी पहिल्या प्रयोगाला त्या जागी रडलो होतो.

विंगेतून
खडूस, हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं. तुम्हाला नाटक किती लागतं ते आता कळलं. अ‍ॅडिशनबाबत मी कडक आहे. लेखकाला विचारल्याशिवाय एक "अहो"सुद्धा वाढवायचा नाही. आणि हसवणाऱ्या नटाला सगळ्यात आधी शेवटचा प्रवेश बसवून द्यायचा. कुठे जाऊन पोचायचंय ते कळलं की वाटेत तो स्वतःच उधळपट्टी करत नाही.

अनुपमा०७
धाकट्याला दादापासून काहीतरी लपवायला द्या. लपवणारा माणूस चेहरा करत नाही, चेहरा सपाट ठेवतो.

चाफेकळी
रविवारच्या तालमीचं सविस्तर लिहिते, कारण हे तुमचंच आहे.

आठ पाहुणे बोलावले. शाळेचे वॉचमन काका, एका नटाची आई, बाकी ऑफिसातले. थोरल्यांना मी सांगितलं, "रडायचं नाही, कारण धाकटा तुमच्या रडण्याची वाट बघतोय. तुम्ही डोळे पुसायला खाली बघितलंत की तो चावी काढणार." धाकट्याला वेगळं बाजूला घेऊन सांगितलं, "करगोट्याची गाठ कशी आहे ते तुला दादाला न कळता बघायचंय. चेहऱ्यावर काही दिसलं तर संपलं."

एवढंच. मग काय झालं ते बघा. धाकटा पायाशी येऊन बसला की थोरले उठून बापाच्या अंगावरची चादर नीट करायला लागले. पहिल्यांदा हळुवार. दुसऱ्यांदा कमरेपाशी घट्ट खोचली. तिसऱ्यांदा धाकट्याने "बाबांना गरम होत असेल" म्हणून चादर सैल केली. एवढं बोलला आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. थोरल्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि परत खोचली. वॉचमन काका मोठ्याने हसले, मग सगळेच. दोन्ही नटांना ते ऐकूच गेलं नाही असं वाटलं मला, इतके ते त्या चादरीत गुंतले होते. अंक चव्वेचाळीस मिनिटांत.

आता खरी अडचण. संहितेत शेवटी फक्त "सून चावी काढते" एवढंच लिहिलंय. आमच्या सुनेने शिलाई मशीनच्या खणातून कात्री घेतली, चादर बाजूला केली आणि करगोटा कापायच्या आधी म्हणाली, "बाबा, जरा वळा." दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची चादर बदलताना ती रोज हेच म्हणत असणार. तिने ठरवून आणलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. खोलीत एकदम शांतता. नटाच्या आईने पदर तोंडाला लावला.

लेखक त्या दिवशी नव्हता. तीन शब्द त्याचे नाहीत. विंगेतून, तुमच्या नियमाने ही अ‍ॅडिशन. ठेवू का?

विंगेतून
लेखकाला आज रात्रीच फोन करा. तो हो म्हणेल. पण विचारा.

खडूस_प्रेक्षक
ठेवा. आणि प्रयोगाची तारीख इथे टाका, मी येणार. पुढची रांग नको, मधली.

चाफेकळी
लेखकाशी बोलणं झालं. ते तीन शब्द त्याने वहीत स्वतःच्या हाताने लिहून घेतले. तारीख कळली की टाकतेच. दुसऱ्या अंकाची तालीम गुरुवारपासून. आमच्या तात्यांना सुतळीचं अजून काहीच जमत नाहीये, नुसतेच वेढे घालतात.

तिसरीघंटा
गुरुवारी आठ वाजता येतो परळला. सुतळीचा गुंडा माझ्याकडे आहे, बांबू तुम्ही बघा. सरळ हवेत, पेर लांब असलेले. आणि तात्यांना म्हणावं, नखं कापून या, गाठ मारताना अडकतात.